एमिलच्या पिकअपचा हॉर्न

१

मला हे सांगायचं नव्हतं. एमिलच्या मुलीने, कॉरीनने, डोकं खाल्लं म्हणून लिहितोय. "तोंडी सांगायला बसलात की कुणीतरी मधे बोलतं आणि तुम्ही शिव्या घालून उठून जाता, डेल्मर. त्यापेक्षा लिहा," असं म्हणाली आणि खसखस भरलेल्या गोड पावांची, कोलाच्यांची, परात टेबलावर ठेवून गेली. कोलाचे मी खाल्ले. आता लिहिणं आलं.

आठवीत शाळा सोडली. लिहिण्यापेक्षा इंजिन उतरवणं मला सोपं जातं. त्यामुळे चुका काढत बसू नका.

आणि आधीच सांगतो, भूतबित मी मानत नाही. गाडी वेड्यासारखी वागायला लागली तर कारणं चारच असतात. अर्थिंग, पाणी, उंदीर, नाहीतर मालक. सगळी हयात या वाळूच्या टेकड्यांमध्ये गॅरेज चालवण्यात गेली, पाचवं कारण मला कधी सापडलं नाही. हेही पाचवं आहे असं मी म्हणत नाही. काय झालं तेवढं सांगतो.

२

एमिल हावरानेक जानेवारीत पिकअप घेऊन आला. आम्ही दोघं एका शाळेतले, एकाच मास्तरणीचा मार खाल्लेले. सहा फुटांच्या वरचा माणूस, आता वाकलेला. बायको गेल्यापासून गाई आणि तो, बस.

"वाजतो," तो म्हणाला.

"काय वाजतो?"

"हॉर्न. मी मागे हौद्यात असलो की वाजतो."

"मग कोण दाबतं?"

"दाबणारा मागे गवत फेकत असतो ना, गाढवा. केबिनीत कुणी नसतं."

हे शहरातल्या लोकांसाठी जरा उलगडून सांगायला पाहिजे. आमच्याकडे हिवाळ्यात गाईंना गवत घालायचं म्हणजे पिकअप सगळ्यात बारक्या गिअरात टाकायची, स्टीअरिंग सरळ करायचं आणि खाली उतरून मागे चढायचं. गाडी एकटीच माणसाच्या चालीने कुरणातून सरकत राहते. आपण हौद्यात उभं राहून मागे तोंड करून गवत लोटायचं. गाई मागून खात येतात. एकटा माणूस हे असंच करतो. सगळे करतात.

"कसा वाजतो?" मी विचारलं.

एमिलने माझ्याकडे बघितलंच नाही. खिशातला तंबाखू शोधत बसला.

"तीन छोटे," म्हणाला.

तीन छोटे म्हणजे काय ते आमच्या वयाच्या कुणालाही सांगावं लागत नाही. लहानपणी घरात दुसरं माणूस नसलं की बाप पाच-सहा वर्षांच्या पोराला केबिनीत बसवायचा. सीट पार पुढे ओढायची, पोराने तीवर उभं राहून स्टीअरिंग धरायचं. पाय ब्रेकपर्यंत पोचायचे नाहीत, त्यामुळे थांबवणं पोराच्या हातात नसायचं. पुढे कुंपण आलं, ओघळ आली, की पोराने तीन छोटे हॉर्न द्यायचे. बाप उडी मारून धावत यायचा. मी दिलेत. एमिलने दिलेत. आज तो वेडेपणा वाटतो, तेव्हा ती कामाची रीत होती.

"कुठे वाजतो?"

"उत्तरेच्या कुरणात. दर वेळी तिथेच. मी उतरतो, पुढे चालत जाऊन बघतो. काही नसतं. सगळं पांढरं, सपाट. मग वळवून घेतो गाडी."

"खड्ड्यात चाक बसतं, वायर हलते, वाजतो. झालं."

"आणि गाई गवत खात नाहीत रे," एमिल म्हणाला. "हॉर्न वाजला की खायचं सोडतात. पुढे येऊन ओळीने उभ्या राहतात आणि केबिनीत बघतात."

या थंडीत गवत समोर टाकलेलं असताना तोंड न लावणारी गाय मी अजून बघितली नव्हती. पण गाई माझं काम नाही. मी म्हटलं, "चावी ठेव आणि जा."

तो गेला नाही. दारात उभा राहून म्हणाला, "डेल्मर, गाडीतच काहीतरी निघू दे. नाहीतर क्लेटन मला गावातल्या त्या आश्रमात टाकतो."

३

क्लेटन शुर्मन म्हणजे एमिलचा जावई, कॉरीनचा नवरा. ओमाहाकडून आलेला, धान्याच्या कोठाराच्या ऑफिसात बसतो. त्याचं म्हणणं असं की सासरा स्वतःच हॉर्न वाजवतो आणि विसरतो. म्हाताऱ्याचं डोकं चाललं, आता गाई विकायच्या, जमीन भाड्याने द्यायची आणि याला वृद्धाश्रमात खोली घ्यायची. खोली बघूनही झाली होती. कॉरीन रडायची, पण नवऱ्यापुढे बोलायची नाही.

दुसऱ्या दिवशी कॅफेत क्लेटनने मला सगळ्यांसमोर गाठलं.

"काय म्हातारबा, सापडलं का भूत?"

"अजून गाडी उघडली नाही. तोंडं मात्र उघडलेली दिसतात."

"उघडून काय मिळणार? वायर खराब झाली तर हॉर्न एकसारखा बोंबलत बसेल. थांबून थांबून तीनदा कसा वाजेल?"

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच मला राग आला. "त्या गाडीत एक डबी असते," मी म्हटलं. "कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. दिवे, कुलपं, हॉर्न सगळं तिच्या हुकमाने चालतं. ती बिघडली की काहीही करते."

"आणि नाही बिघडलेली निघाली तर?"

"तर मी गप्प बसेन. पण बिघडलेली निघाली, तर तू सासऱ्याची माफी मागायचीस. इथे, या टेबलापाशी."

"त्याची मागेन, तुमचीही मागेन," क्लेटन हसत म्हणाला. "आत्तापासून पाठ करून ठेवतो."

कॉफीचे कप घेऊन बसलेले सगळे हसले. मी नाही हसलो.

४

डबी असते ड्रायव्हरच्या बाजूला, स्टीअरिंगच्या दांड्याशेजारी, खालून. तिथे पोचायचं तर पाठीवर झोपून डोकं पॅडलपाशी न्यावं लागतं. या वयात हे काम म्हणजे शिक्षा आहे. मी सीट पार मागे ढकलली, दाराबाहेर पाय काढले आणि आत शिरलो. बॅटरीची वायर आधीच काढून ठेवली होती.

डबी बाहेर काढली आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. पुढच्या काचेचं रबर गेलेलं. तिथून पाणी झिरपून झिरपून सगळ्या पिना हिरव्या कळकलेल्या. वर उंदराने सीटचा कापूस आणून घर केलेलं. पाणी आणि उंदीर, चारातली दोन कारणं एकाच डबीत! मी एमिलला फोन लावला. "तुझं डोकं शाबूत आहे," म्हटलं. "उंदीर मुतलाय." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

जेवून परत आलो. उरलेले स्क्रू गोळा करायला केबिनीत वाकलो, तर कपाळ स्टीअरिंगवर आपटलं.

सीट पुढे होती. पार पुढे, शेवटच्या खाचेत.

कुणी आलं असेल म्हणून बघितलं. गॅरेजचं शटर मी स्वतः ओढून गेलो होतो, बाहेर पायरीवरच्या ताज्या बर्फात फक्त माझेच बूट उमटलेले. मग म्हटलं दांडी झिजली असेल. सीटखालची दांडी हलवून बघितली, घट्ट होती. ती ओढल्याशिवाय सीट तसूभर सरकत नव्हती. जमीनही सपाट. गॅरेजची जमीन मी पाणसळ लावून केलेली आहे.

तरी मी स्वतःची समजूत घातली की दांडीच झिजली. सीट मागे घेतली, रुळात एक बोल्ट टाकला आणि आवळला. एमिलचे पाय लांब आहेत, त्याला पुढची सीट कधीच लागणार नाही. एवढं केल्यावर मला बरं वाटलं. बोल्ट आवळला की मला नेहमीच बरं वाटतं.

५

नवी डबी आली. आजकाल नुसती लावून भागत नाही. शोरूमवाल्यांनी गाडीचा नंबर त्यात भरून पाठवली. लावल्यावर तिला आपली किल्ली ओळखायला शिकवावं लागतं. किल्ली फिरवायची आणि काही न करता बसून राहायचं. डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागतो, तो विझेपर्यंत एक पाइप ओढून होतो. मग पुन्हा तेच, मग पुन्हा.

मी बसलो होतो. हीटर बंद, स्टोव्हही विझलेला. गॅरेजच्या पत्र्यावरून वारा जात होता. समोर बाकावर जुनी डबी पडली होती, तिच्या हिरव्या पिना माझ्याकडे.

तेव्हा हॉर्न वाजला. तीन छोटे.

लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा. रस्त्यावर कुणी असेल म्हणून खिडकीतून बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. एवढंच म्हणतो की आवाज या गाडीचा नव्हता. या गाडीचा हॉर्न बॉनेटखालून, माझ्या गुडघ्यांसमोरून आला असता. हा आला बाकाकडून. बाकावर हॉर्न नाही. बाकावर जुनी डबी होती आणि तिला कुठलीही वायर नव्हती.

मी पाइप पेटवला.

दिवा विझला. मी हॉर्न दाबून बघितला. खणखणीत वाजला. पुन्हा पुन्हा दाबला, दरवेळी वाजला. सोडला की गप्प. जसं व्हायला पाहिजे तसं सगळं होत होतं. जुनी डबी मी पत्र्याच्या पिंपात टाकली आणि वर झाकण ठेवलं.

६

क्लेटन म्हणाला, बघितल्याशिवाय मानणार नाही. मी म्हटलं, चल कुरणात.

आम्ही तिघं गेलो. दुपार होती, ऊन होतं, बर्फावरून असं चकाकत होतं की डोळे उघडवत नव्हते. त्या वर्षी टेकड्यांमधली सगळी तळी चढली होती. आमच्याकडे पाणी खालून, वाळूतून वर येतं. उत्तरेच्या कुरणातलं तळंही शरदात पसरलं होतं. पण ते पलीकडच्या टोकाला, गवत घालायच्या जागेपर्यंत कधी येत नाही, असं एमिल म्हणाला. त्याचा जन्म तिथला. मी कशाला शंका घेऊ?

एमिलने गाडी बारक्या गिअरात टाकली, उतरला, मागे चढला. मी गठ्ठ्यांच्या दोऱ्या कापायच्या, त्याने काट्याने लोटायचं, असं ठरलं. दोघांची तोंडं मागे.

"मी केबिनीकडे बघत उभा राहतो," क्लेटन म्हणाला. "तुम्हा दोघांवर माझा भरवसा नाही. खिशात रिमोट असायचा कुणाच्या तरी."

"बघ," मी म्हटलं. "डोळे फाडून बघ."

त्याने आमच्याकडे पाठ केली, हाताने केबिनीच्या छताचा दांडा धरला आणि मागच्या काचेतून आत बघत राहिला.

गाडी सरकत होती. गाई मागून येत होत्या, खात होत्या, त्यांच्या नाकांतून वाफा निघत होत्या. हॉर्न नाही. मला फार बरं वाटलं. एमिल कितीतरी दिवसांनी हसला. "माफी कॉफीच्या आधी की नंतर रे, क्लेटन?" त्याने ओरडून विचारलं.

क्लेटनने उत्तर दिलं नाही.

मग गाईंनी खायचं सोडलं.

एकदम सगळ्यांनी. गवत तसंच बर्फावर पडलेलं. दोन्ही बाजूंनी गाडीला मागे टाकून त्या पुढे गेल्या आणि एका ओळीत उभ्या राहिल्या, कुंपण असल्यासारख्या. गाडी त्यांच्यामधून गेली. गाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांचे चेहरे माझ्या अगदी जवळून गेले. त्यांपैकी एकही माझ्याकडे बघत नव्हती.

एमिलचा काटा थांबला.

"डेल्मर," तो हळूच म्हणाला, "वाजला नाही रे?"

"वाजणार नाही. नवी डबी आहे," मी म्हटलं. फुशारकीने म्हटलं.

हौदा जरासा हलला. वळून बघतो तर क्लेटन जागेवर नव्हता. त्याने उडी मारली होती. तोंडातून शब्द न काढता बाजूला बर्फात पडला होता आणि हातापायांवर गाईंकडे रांगत चालला होता. मला वाटलं घसरला.

तो उभा होता तिथे आता मागची काच मोकळी होती. मी आत बघितलं.

सीट पुढे होती.

सीटच्या पाठीवरून लोकरी टोपीचा शेंडा दिसत होता, एवढासा. आणि एक हात. मोठ्या माणसाचा हातमोजा घातलेला, मनगटापाशी ढिला, बापाचा घालून दिलेला असावा तसा. तो हात स्टीअरिंगच्या मधोमध आपटत होता. तीन वेळा. जरा थांबून पुन्हा तीन वेळा. सगळ्या खांद्याने, जीव खाऊन आपटत होता.

आवाज येत नव्हता.

मी दाबला तेव्हा तो हॉर्न प्रत्येक वेळी वाजला होता. माझ्या हाताने वाजला होता.

मग खालून आवाज आला. बर्फ तडकल्याचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको, ज्याने नाही ऐकला त्याला सांगून कळणार नाही.

७

पिकअप नाकावर तळ्यात गेली. एमिल घसरून कमरेपर्यंत पाण्यात गेला. मी हौद्याच्या फळीला पोट लावून काट्याने त्याचा कोट अडकवला आणि ओढत राहिलो. क्लेटन काठावर उभा होता. मी हाका मारल्या. तो गाडीकडे बघत उभा राहिला. शेवटी आला आणि दोघांनी मिळून एमिलला बाहेर काढलं.

त्या बर्फाच्या पाण्याने एमिलच्या पायांची बोटं गेली. बोटांशिवाय हौद्यात उभं राहता येत नाही. गाई विकल्या, जमीन भाड्याने गेली, आणि एमिल आता आश्रमात त्याच खोलीत आहे. मी दर रविवारी जातो. बोलण्यासारखं फार नसतं. जेवणाच्या ट्रेमधली जेली तो मला देतो. एकदाच म्हणाला, "तो वाजवायचा तोपर्यंत मी उतरायचो रे." दुसऱ्या कशाबद्दल बोलल्यासारखा बोलला. मग जेलीचं झाकण उघडून दिलं.

गाडी तळ्यातून काढली तेव्हा मी गेलो होतो. दार उघडलं, पाणी वाहून जाऊ दिलं, आणि आत हात घातला. सीट स्टीअरिंगला चिकटलेली. मी टाकलेला बोल्ट रुळातच होता, मागच्या खाचेत, मी आवळला होता तितकाच घट्ट. तो सोडवायला मला पाना लागला. क्लेटन मागून बघत होता. मी त्याच्याकडे बघितल्यावर म्हणाला, "पाण्याचा दाब." दुसऱ्या दिवशी गाडी भंगारात गेली. कॉरीनला विचारूनसुद्धा नाही.

कॅफेत तो सांगतो की म्हाताऱ्याने भ्रमात गाडी तळ्यावर घातली आणि दुसऱ्या म्हाताऱ्याने हॉर्नची वाट लावली. केबिनीत काही नव्हतं, माझा पाय घसरला, म्हणतो. लोक माना हलवतात. मी तिथे आता कॉफी घेत नाही. घरीच करतो, वाईट होते.

डबीचं म्हणाल तर ती मी नियमाप्रमाणे बदलली. जुनी खराब होती, हे कुणालाही दाखवीन. त्या पिंपाचं झाकण मी काढत नाही एवढंच.

कॉरीन, तू विचारलंस की त्या दिवशी कोण खोटं बोलतंय. मी उत्तर देत नाही, तूच ठरव. आम्हा दोघांची तोंडं मागे होती. पुढे बघणारा एकच होता, आणि मी वळायच्या आधीच त्याने उडी मारली होती. काय बघून मारली, ते मी त्याला विचारत नाही. मला ते माहीत आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. आत जे कुणी होतं त्याचा हॉर्न आम्ही काढून घेतला होता, तरी ते हात आपटत राहिलं. आणि हौद्यात एक धडधाकट माणूस उभा होता, गळा शाबूत, सासरा हाताच्या अंतरावर. त्याने नुसतं "उतरा" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

एमिलची माफी तर राहिलीच आहे. माझीही राहिली आहे. सगळ्यांसमोर कबूल केलेली, त्याच टेबलापाशी. मागायची आहे क्लेटन शुर्मनने.